माक्याला सांगितलेलं नाव

आमच्या आत्यांच्या डोक्यावर केस नव्हते आणि आळीतल्या झाडून साऱ्या बायका त्यांच्या हातचं केसांचं तेल लावायच्या. मी लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा मला यात काहीच वावगं दिसलं नाही. न्हाणीघराच्या फळीवर तेलाच्या बाटल्या ओळीने उभ्या असत आणि खाली आत्या लाल आलवणात, डोक्यावरून पदर घट्ट ओढून, पाट्यावर आवळा वाटत बसलेल्या असत. मी ते पाहिलं आणि माझ्या कामाला लागले. इतकं डोळ्यांसमोर असलेलं मला दिसलं नाही, याचा राग मला अजून येतो.

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. पंधराव्या वर्षी त्यांचा नवरा गेला, त्या माहेरी परत आल्या आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांना न्हाव्यापुढे बसवलं. माझे सासू-सासरे मी यायच्या आधीच वारले होते. माझ्या नवऱ्याला लहानाचं मोठं केलं ते आत्यांनी. घरात आम्ही तिघंच. शाळेत मास्तर असलेला नवरा, पंचेचाळिशीच्या आत्या आणि एकोणीस वर्षांची मी. ही पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. मी पुण्याची, मॅट्रिक झालेली आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत. ती समजूत पुढेही बरीच वर्षं टिकली, म्हणजे चांगल्या पोताची असावी.

दर पंधरा दिवसांनी न्हावी मागच्या दारी यायचा. परसात विहिरीच्या आडोशाला आत्या पाटावर बसायच्या, मान खाली घालायच्या आणि पाच मिनिटांत सगळं आटपून आंघोळीला जायच्या. माझ्या नवऱ्याने दोनदा सांगून पाहिलं होतं, आत्या, आता हे कोणी करत नाही, बंद करा. त्यांनी त्याला त्याची शाळा बघायला सांगितलं. त्यांचंही एक कारण होतं. केस काढलेल्या बाईच्या हातचाच सोवळ्याचा स्वयंपाक चालतो, असं मानणारी चार-पाच घरं तेव्हा आमच्या भागात होती. पितृपक्षात त्या घरांतून आत्यांना सन्मानाने बोलावणं यायचं. बाकी वर्षभर समोर आल्या तर अपशकुन म्हणून बाजूला सरकणारी माणसं त्या पंधरा दिवसांत त्यांना पाट मांडून द्यायची.

महिना कोणता चाललाय हे आमच्या घरी परसातल्या सुपांवरून कळायचं. फाल्गुनात सुपात पळसाची केशरी फुलं. ती पाण्यात रात्रभर भिजवून त्या पाण्याने आळीतल्या पोरांना आंघोळ, म्हणजे उन्हाळा बाधत नाही. चैत्रात कडुनिंबाचा मोहोर आणि माठात चार मोगरे. वैशाखात वाळ्याच्या जुड्या. पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास येऊ नये म्हणून ट्रंकेत सुकलेली बकुळ, आणि तिन्हीसांजेला ओवे गावाकडच्या टेकडीवरून आलेल्या निर्गुडीची धुरी. आश्विनात उटण्याची कुटाकुटी. मेंदीचा पाला मुसलमान मोहल्ल्यातल्या एका घरून यायचा, आत्या त्यावर पाणी शिंपडून तो आत घ्यायच्या, आणि त्या घरच्या बाई जाताना तेलाची बाटली भरून न्यायच्या. पाण्याच्या शिंपडण्याबद्दल त्या बाईंनी कधी वाईट वाटून घेतलं नाही. निदान तोंडावर तरी नाही.

आत्यांचं सगळं औषधावरच थांबत नसे. तान्ह्या पोराच्या गळ्यात वेखंडाचा मणी, पोर दूध पिईना की मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट, बाळंतिणीच्या उशाशी लिंबाचा डहाळा. दृष्ट काढताना त्या पुटपुटायच्या ते मला ऐकू येऊ नये म्हणून पाठ करून उभ्या राहायच्या. मी शास्त्र घेऊन मॅट्रिक झालेली. मी मोहऱ्या तडतडण्याचं कारण नवऱ्याला मोठ्याने समजावून सांगायची आणि आत्या स्वयंपाकघरातून ते ऐकून घ्यायच्या.

स्वतःसाठी मात्र त्या एकच करायच्या. जेवणानंतर काशाच्या वाटीने तळपायांना तूप चोळत बसायच्या, डोळे थंड राहतात म्हणून. गळ्याच्या वर त्यांनी स्वतःला काही लावल्याचं मी पाहिलं नाही. आळीतल्या मुलींचे गजरे त्याच गुंफत, आणि एखादं फूल उरलं तर तुळशीत ठेवत.

सुकापूरहून एक आगरी बाई दिवसाआड टोपली घेऊन यायची. जास्वंद, माका, ब्राह्मी, गवती चहा, मोसमात जे असेल ते. पान कोवळं आहे की जून यावरून तिची आणि आत्यांची दर खेपेला हुज्जत, आणि हुज्जत झाली की दोघी पायरीवर बसून चहा प्यायच्या. रोजच्या तेलाला तिच्या टोपलीतला माका चालत असे. आजारातून उठलेल्या माणसासाठी तेल करायचं असेल तर मात्र तो चालत नसे. त्याला झाड बोलवावं लागे.

हे बोलावणं असं. पंचांगात दिवस बघायचा. आदल्या संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, त्या झाडापाशी जायचं, मुळाशी हळदीकुंकू आणि तांदळाचे चार दाणे ठेवायचे आणि सांगायचं, उद्या तुला न्यायला येते, अमकीच्या कामी ये. नाव मोठ्याने घ्यायचं. आत्या म्हणायच्या, झाडाला नातं कळत नाही, नाव कळतं. स्वतःसाठी कधी मागायचं नाही, दुसऱ्यासाठीच मागायचं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन, कोयता न लावता, हाताने खुडून आणायचं आणि घरी येईपर्यंत बोलायचं नाही. ज्याच्या नावाने आणलं त्यालाच ते लागू पडणार. दुसऱ्याला द्यायचं नाही आणि टाकायचं तर मुळीच नाही. बोलावून आणलेलं टाकलं तर झाड रुसतं आणि त्या हातचं औषध पुढे कुणालाच गुण देत नाही. हे ऐकून मी एकदा विचारलं होतं की झाडाला निमंत्रणपत्रिका छापून पाठवली तर चालेल का. आत्या म्हणाल्या, चालेल, पण माक्याला वाचता येत नाही.

त्या वर्षी ज्येष्ठात मला टायफॉइड झाला. तीन आठवडे मी अंथरुणात होते. आत्यांनी माझं सगळं केलं, सोवळं बाजूला ठेवून केलं. आषाढात उठून बसले, आणि श्रावण लागला तसे माझे केस गळायला लागले. फणी फिरवली की फणीत पुंजका, उशीवर पुंजका, भाजीत केस. कमरेखाली जाणारी माझी वेणी शेपटीएवढी झाली आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना कातडी दिसू लागली. डॉक्टर म्हणाले, तापानंतर असं होतंच, येतील परत. हवं तर सगळे काढून टाका, म्हणजे डोकं मोकळं होईल.

काढून टाका, हे शब्द त्यांनी सहज उच्चारले. मला मात्र त्यानंतर जेवण जाईना. घरी नवरा जिवंत, गळ्यात मंगळसूत्र, आणि डोकं तसं. रस्त्यावर लोक काय समजतील? मी आरशापुढे पदर डोक्यावर घेऊन बघितलं, आणि आरशात जी दिसली ती कोण हे मला लगेच ओळखता आलं. मी आरसा पालथा घातला.

दोन दिवसांनी न्हावी आला. आत्यांनी पाटावर बसायच्या आधी मला हाक मारली. अगदी हळू, समजुतीच्या स्वरात म्हणाल्या की आलेच आहेत ते, तर आडोसा करून तुझंही उरकून टाकू, डॉक्टर म्हणालेत ना, मी बसते शेजारी. चांगल्या मनानेच त्या हे म्हणाल्या, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी म्हणाले,

"मला तुमच्यासारखं नाही व्हायचं."

न्हावी वस्तरा परजत होता. त्याचा हात थांबला. आत्यांनी पदर सोडला, पाटावर बसल्या, मान खाली घातली. मी आत निघून आले. दुपारी त्यांनी मला वरण-भात वाढला, तूपही नेहमीएवढंच घातलं, आणि हात धुता धुता म्हणाल्या की माका बोलवायला हवा. माझ्या नावाने.

रविवार ठरला. पंचांगात त्या दिवशी पुष्य नक्षत्र होतं आणि तसा योग पुन्हा लवकर नव्हता. शुक्रवारी आत्या तळ्याच्या पायरीवर शेवाळावरून घसरल्या आणि घोटा सुजून टम्म झाला. निर्गुडीचा शेक घेत त्या खाटेवर बसून राहिल्या. मग असं ठरलं की शेजारच्या काकूंनी शनिवारी संध्याकाळी तळ्यावर यावं, मी त्यांना माक्याची जागा दाखवावी आणि काकूंनी माझं नाव घ्यावं. आत्यांनी मला तीनदा बजावलं, तू फक्त ताट धर, तोंड उघडू नकोस, स्वतःसाठी मागायचं नसतं.

शनिवारी मी ताट घेऊन तळ्याच्या पलीकडच्या काठाला जाऊन उभी राहिले. तिथे ओलीत माका माजला होता, पांढऱ्या टिकल्यांएवढी फुलं आलेली. काकू येईनात. त्यांच्याकडे एस.टी.ने मुंबईचे पाहुणे येऊन थडकले होते, हे मला नंतर कळलं. आभाळ भरून आलं होतं, दिवे लागायची वेळ टळत होती. पुन्हा कधी हा योग, आणि तोवर माझ्या डोक्यावर काय शिल्लक राहणार? आजूबाजूला कोणी दिसत नव्हतं. माझंच नाव मला घेता येत नव्हतं. एवढा नियम मोडायला मी एरवी मागेपुढे पाहिलं नसतं, पण जिथे स्वतःचे केस पणाला लागतात तिथे मॅट्रिकचं शास्त्र जरा पातळ होतं.

मग मला वाटलं, झाडाला कुठे कान आहेत? नाव कुणाचंही घेतलं तरी माका तोच आणि रस तोच. रीत मोडायची नाही आणि खोळंबायचंही नाही. घरात दुसरी बाई एकच होती. तिला सगळे आत्या म्हणत. तिचं नाव मी कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, रेशनकार्डावर वाचलं होतं. मी तांदूळ ठेवले, कुंकू वाहिलं आणि ते नाव मोठ्याने घेऊन म्हणाले, उद्या तुला न्यायला येते, हिच्या डोक्याच्या कामी ये.

घाईत बोलले, की त्या दिवशीचं माझं बोलणं मनात सलत होतं म्हणून बोलले, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. आत्यांनी घरी विचारलं, काकूंनी नीट घेतलं ना नाव? मी हो म्हणाले.

रविवारी सकाळी मी मुकाट्याने माका खुडून आणला. आत्यांनी खाटेवर बसूनच वाटायला घेतला. माक्याचा रस हिरवा निघतो आणि बघता बघता काळा पडतो. आत्यांचे हात मनगटापर्यंत काळे झाले. लोखंडी कढईत तेल, त्यात रस, ब्राह्मी, मेंदी, जास्वंद. चुलीपाशी मी बसले, ढवळत. तडतड थांबत आली तेव्हा आत्या लंगडत येऊन जवळ बसल्या आणि त्यांनी कापसाची वात तेलात बुडवून पेटवली. वात न तडतडता जळली तर पाण्याचा अंश गेला, तेल तयार.

तेवढ्यात मागच्या दाराने सुकापूरची आगरी बाई आली. टोपली उतरवून तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं,

"आत्याबाय, तुमच्या घरान ही बाय कोन हाय?" आणि तिने ते नाव घेतलं.

आत्यांच्या हातातली वात सरळ जळत होती. त्यांनी ती विझवली नाही. त्यांनी विचारलं की हे नाव तू कुठे ऐकलंस.

"तलावावर. मी पल्याड गवात कापीत व्हते. सूनबायनी माका बोलावलान ना तिचे नावान. मना वाटला कोन पावनी आली हाय."

"पाहुणी नाही," आत्या म्हणाल्या. "मीच ती."

आगरी बाईने तोंडावर हात ठेवला. माझ्याकडे बघितलं, आत्यांकडे बघितलं, टोपली उचलली आणि चहा न घेता गेली. मी ढवळायचं थांबले होते. आता आभाळ कोसळणार म्हणून मी वाट बघत राहिले. आत्यांनी वात चिमटीत धरून विझवली, कढई उतरवायला सांगितली आणि म्हणाल्या की आता तुझं काय करायचं, पुढचा योग कार्तिकाशिवाय नाही.

तेवढंच. रागावल्या असत्या तर मी काहीतरी उलट बोलले असते आणि मोकळी झाले असते. पण त्यांना काळजी पडली होती ती माझ्या डोक्याची. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं, काकू आल्या नाहीत, मी खोटं बोलले, झाडाला कान नसतात असं मला वाटलं. आणि म्हणाले, फेकून देऊ हे तेल, नाहीतर मला लावा, काही होत नाही.

"बोलावून आणलेलं फेकतात का?" त्या म्हणाल्या. "आणि तुझं नाहीये ते."

तेल गाळून बाटलीत भरलं. ती बाटली त्यांनी इतर बाटल्यांच्या ओळीत ठेवली नाही. भिंतीतल्या देवळीत एकटी ठेवली. तिथे ती आठ-नऊ दिवस तशीच होती. आत्या येता-जाता तिच्याकडे बघत नसत, इतक्या बघत नसत की मला ते कळत होतं. त्यांच्यापुढचा पेच मलाही दिसत होता. तेल लावलं तर केस ठेवावे लागणार, वस्तरा फिरलेल्या डोक्याला केसांचं तेल म्हणजे माक्याची थट्टा. केस ठेवले तर पितृपक्षातली ती घरं गेली, आयुष्यात जो काय मान होता तो गेला. आणि तेल न लावलं तर हात गेले. ज्या हातांकडे आळीतल्या बायका तान्ही पोरं घेऊन यायच्या, त्यांचा गुण जाणार, असं त्या मनापासून मानत होत्या. मी हसत होते त्या सगळ्या गोष्टी त्यांच्यासाठी खऱ्या होत्या, आणि मी त्यांना त्यांच्याच नियमात अडकवून ठेवलं होतं. मला स्वतःची विलक्षण लाज वाटत होती.

न्हाव्याचा दिवस आला. त्याच आठवड्यात एका घरून पितृपक्षातल्या स्वयंपाकाचं बोलावणंही येऊन गेलं होतं. आत्या नेहमीप्रमाणे पाटावर बसल्या. न्हाव्याने वाटीत पाणी घेतलं. मी दाराच्या आत उभी होते. त्यांनी पदर सोडला नाही. म्हणाल्या की आज नको. त्याने विचारलं, अंगात कसर आहे का, उद्या येऊ का?

"नको. आता येऊच नका."

तो गोंधळला. वीस वर्षं तो यायचा, त्याच्या आधी त्याचा बाप यायचा. आपलं काही चुकलं का असं त्याने अगदी हळू विचारलं. आत्या म्हणाल्या, तुमचं काही चुकलं नाही, कुणाला तरी बोलावून आणलंय, त्याला विन्मुख कसं पाठवू? त्याला काही समजलं नसावं. त्याने वाटीतलं पाणी केळीच्या बुंध्याशी ओतलं. आत्यांनी त्याला चहा द्यायला सांगितला आणि दिवाळीला फराळाला घरी यायला बजावलं. मागच्या दाराने नाही, पुढच्या.

तो गेल्यावर त्यांनी देवळीतली बाटली आणायला सांगितली. स्वतःचं औषध स्वतःच्या हाताने लावायचं नाही, हाही एक नियम होता म्हणे. तो खरंच होता की त्या क्षणी निघाला, मी विचारलं नाही. मी त्यांच्या मागे बसले. त्यांनी पदर खांद्यावर घेतला. इतक्या जवळून ते डोकं मी कधी पाहिलं नव्हतं. पंधरा दिवसांची खुंटं, काही काळी, बरीच पांढरी. उजव्या कानामागे वस्तऱ्याचा एक जुना व्रण. मी तेलाचा हात ठेवला. लहान मुलाच्या टाळूसारखं ते डोकं ऊन होतं. मी रडू लागले आणि म्हणाले, आत्या, त्या दिवशी मी बोलले ते चुकलं माझं.

"रड," त्या म्हणाल्या, "पण तेल सांडू नकोस."

पितृपक्षात पहिल्या घराचा निरोप आला की यंदा दुसरी सोय झाली आहे. मग दुसऱ्या घराचा. बाकीच्यांनी निरोपही पाठवला नाही. सर्वपित्रीच्या दिवशी आत्या घासलेली भांडी पुन्हा घासत बसल्या. या गोष्टीचं त्यांना दुःख झालं नाही असं मी म्हणणार नाही. झालं, आणि बरेच दिवस झालं. त्या मधूनच हात थांबवायच्या आणि एखाद्या घरचं नाव न घेता म्हणायच्या, त्यांच्याकडे खिरीला वेलची जास्त लागते, कळलं असेल का नव्या बाईला?

आळीत कुजबुज झालीच. या वयात ही हौस, असं एक बाई आमच्याच दारात, आमच्याच तेलाची रिकामी बाटली हातात घेऊन म्हणाल्या. मी बाटली त्यांच्या हातातून घेतली आणि म्हटलं की तुमच्या वयात तुम्ही बारा महिने तेल नेता ती कसली हौस? त्या तावातावाने निघून गेल्या. आत्यांनी मला यावरून चांगलं झापलं आणि संध्याकाळी भरलेली बाटली त्यांच्या घरी पोचती केली. त्या बाईंनी घेतली.

माझे केस कार्तिकापर्यंत आपोआप आले, तेलाचा एक थेंब न लागता, आणि पूर्वी नव्हते असे कुरळे आले. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. मी हे आत्यांना जरा ऐटीतच दाखवलं. त्या म्हणाल्या, माक्याला कळलं असेल, घरात दोघी आहेत.

आगरी बाई त्या दिवसापासून त्यांना आत्याबाय म्हणेना. मागच्या दारातून ती नावाने हाक मारायची, पुढे बाय लावून. पहिल्यांदा तिने तशी हाक मारली तेव्हा आत्यांना आपल्याला बोलावतायत हेच समजलं नाही. मग सवय झाली. पुढे तर जून पानांवरून हुज्जत घालतानाही ती ते नाव घेऊनच भांडायची, आणि आत्या जास्तच वेळ भांडत.

केस वाढायला वेळ लागला. सुरुवातीला ते सरळ उभे राहत आणि पदर त्यावर ठरत नसे, त्याची त्यांना फार लाज वाटे. मग मानेवर आले. आलवण त्यांनी सोडलं नाही, फूल कधी माळलं नाही, मीही आग्रह केला नाही. दर शनिवारी मी त्यांना तेल लावायची. बोलावून आणलेलं ते पहिलं तेल केव्हाच संपलं होतं. पुढच्या श्रावणात मी पुन्हा तळ्यावर गेले, ताट घेऊन, आणि त्यांचंच नाव घेतलं. या खेपेला घाईत नाही.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीत पहिल्या आंघोळीला मी त्यांना उटणं लावलं, शिकेकाईने केस धुतले आणि उन्हं आल्यावर परसात विहिरीच्या आडोशाला बसवलं, पूर्वी पाट मांडायच्या तिथेच. केस खांद्याखाली आले होते, करडे, बारीक. मी फणी फिरवू लागले आणि मध्येच फणी अडकली. मानेजवळ चांगला गुंता झाला होता. मी ओढलं तशी त्यांची मान मागे आली आणि तोंडातून स् असा आवाज निघाला. मी घाबरून फणी काढून घेतली आणि म्हणाले, दुखलं का, थांबा, तेल लावून बोटांनी सोडवते.

त्यांनी हात मागे नेऊन तो गुंता चाचपला. दोन बोटांत धरून पाहिला.

"नको, फणीनेच सोडव," त्या म्हणाल्या. "दुखू दे जरा. बत्तीस वर्षं काही दुखलंच नव्हतं तिथे."